हिटलरच्या शेजारून चाललेला खासदार: आल्ब्रेख्त फोन ग्रेफे कोण होता?

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा: ९ नोव्हेंबर १९२३ रोजी म्युनिकमध्ये बंडखोरांचा जो मोर्चा निघाला, त्याच्या पहिल्या रांगेत हिटलर आणि पहिल्या महायुद्धातले जनरल लुडेनडॉर्फ यांच्याबरोबर आल्ब्रेख्त फोन ग्रेफे नावाचा एक खासदार होता. पाच वर्षांनी तो संसदेतही उरला नाही आणि आज त्याचं नाव तळटिपांत सापडतं. हा माणूस कोण, हिटलरने त्याला संपवलं का, आणि प्रबंधासाठी इतका दुय्यम माणूस निवडण्यात काही अर्थ आहे का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. अर्थ आहे, आणि पुष्कळ आहे. हा कालखंड शिकवताना मला नेहमी दिसतं की मुलं हिटलरपासून सुरुवात करतात आणि मग आधीचं सगळं त्याच्याच दिशेने वाहत आलेलं बघतात. ग्रेफे नीट वाचला की ही सवय सुटते. मे १९२४ मध्ये वंशवादी उजव्यांचे ३२ खासदार राइखस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, बसले, तेव्हा हिटलर तुरुंगात होता आणि या गटाच्या पुढाऱ्यांत ग्रेफे होता. ज्यूंचा द्वेष हाच राजकारणाचा पाया, ही भाषा उत्तर जर्मनीच्या खेड्यांत नेणारे लोक कोण होते? बिअर हॉलमधले बेकार सैनिक होतेच, पण त्यांच्याबरोबर मोठ्या घराण्यांतले, जमीनजुमला असलेले, संसदेत मुरलेले लोकही होते. ग्रेफे त्यांतला. त्याने मतदार तयार केला आणि तो मतदार त्याच्या हातात राहिला नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचं सार एवढंच आहे, पण ते कसं घडलं ते सावकाश बघण्यासारखं आहे.

ग्रेफेचा जन्म १ जानेवारी १८६८ चा, बर्लिनचा. वडिलांचंही नाव आल्ब्रेख्त फोन ग्रेफे, आणि ते नाव आपल्याकडच्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला ठाऊक आहे. काचबिंदूवर बुबुळाचा छेद घेऊन उपचार करता येतो हे दाखवणारे, आधुनिक नेत्रशस्त्रक्रियेचा पाया घालणारे डॉक्टर ग्रेफे ते हेच. थायरॉइडच्या विकारात खाली बघताना वरची पापणी मागे राहते, त्या लक्षणाला आजही त्यांचं नाव आहे. ते १८७० मध्ये वारले तेव्हा मुलगा अडीच वर्षांचा होता. मुलाने वैद्यकी धरली नाही. त्याने जमीन धरली: बाल्टिक समुद्राजवळ, विस्मार शहराच्या परिसरात, मेक्लेनबुर्ग प्रांतातलं गोल्डेबे हे गाव आणि तिथली जहागीर.

मेक्लेनबुर्ग समजल्याशिवाय ग्रेफे समजत नाही, म्हणून इथे थोडं थांबू या. १८७१ नंतर संपूर्ण जर्मन साम्राज्याच्या संसदेसाठी सर्व प्रौढ पुरुषांना मत होतं. मेक्लेनबुर्गच्या स्वतःच्या कारभारात मात्र १९१८ पर्यंत निवडून आलेली विधानसभाच नव्हती. १७५५ च्या कराराने ठरलेली जुनी व्यवस्था चालू होती. सरदारी जहागिरीचा मालक त्या मालकीच्या जोरावरच प्रांताच्या सभेत बसायचा, शहरांचे प्रतिनिधी बसायचे, आणि शेतावर राबणाऱ्याला तिथे आवाज नव्हता. विस्तीर्ण जमिनी थोड्या घराण्यांकडे आणि खाली वर्षाच्या कराराने राबणारे, मजुरीचा काही हिस्सा धान्यात घेणारे सालदार. अशा प्रांतातला जमीनदार राजकारणात येतो तेव्हा आपण लोकांचे स्वाभाविक पुढारी आहोत हे तो गृहीत धरूनच येतो. ग्रेफेने ते आयुष्यभर गृहीत धरलं.

१९१२ मध्ये तो जर्मन कॉन्झर्वेटिव्ह पक्षाकडून राइखस्टागमध्ये गेला. या पक्षाने १८९२ मध्येच बर्लिनच्या तिव्होली सभागृहातल्या अधिवेशनात ज्यूविरोध आपल्या अधिकृत कार्यक्रमात घातला होता. म्हणजे ग्रेफेला हा द्वेष रस्त्यावर शिकावा लागला नाही. त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात तो वीस वर्षं छापलेला होता. युद्धात हार झाली, कैसर गेला, आणि १९१८ च्या अखेरीस जुने कॉन्झर्वेटिव्ह आणि इतर उजवे गट एकत्र येऊन जर्मन राष्ट्रीय जनता पक्ष उभा राहिला. ग्रेफे त्यात गेला, नव्या प्रजासत्ताकाची घटना करणाऱ्या १९१९ च्या वायमार घटनासभेत बसला आणि १९२० पासून पुन्हा राइखस्टागमध्ये. प्रजासत्ताक, व्हर्सायचा तह आणि ज्यू यांच्याविरुद्ध पक्षाची जी सर्वांत कडवी फळी बोलायची, तिचा तो एक प्रमुख वक्ता होता. याच सुमारास संसदेबाहेर एक मोठी वंशवादी संघटना ज्यूविरोधी पत्रकं देशभर वाटत होती आणि तिचे सदस्य लाखाच्या पुढे गेले होते. या लोकांना ‘फोल्किश’ म्हणत. राष्ट्र म्हणजे रक्त, असं मानणारे.

आता १९२२ कडे येऊ. ग्रेफेच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष मी १९२३ न मानता हे मानतो.

परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ ज्यू होते. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी रशियाशी रापालोचा करार केला. त्यानंतर राष्ट्रीय जनता पक्षाचे खासदार मेजर विल्हेल्म हेनिंग यांनी एका कॉन्झर्वेटिव्ह मासिकात राटेनाउंवर विखारी लेख लिहिला. ज्यू माणसाच्या हातात जर्मनीची अब्रू गेली आहे, असा त्याचा रोख होता. २४ जून १९२२ रोजी सकाळी बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड भागात उजव्या गुप्त संघटनेच्या तरुणांनी राटेनाउंना त्यांच्या उघड्या मोटारीत ठार केलं. दुसऱ्या दिवशी चान्सलर योझेफ व्हिर्ट यांनी राइखस्टागमध्ये उजव्या बाकांकडे बघत सांगितलं की शत्रू तिथे उभा आहे, हा शत्रू उजवीकडे आहे. जर्मन संसदेच्या इतिहासातलं हे एक अत्यंत गाजलेलं भाषण आहे.

पक्षनेतृत्व अडचणीत आलं. त्यांना पुढेमागे सरकारात जायचं होतं, उद्योगपतींचा पैसा हवा होता, आणि राजकीय खुनाचा डाग परवडणारा नव्हता. हेनिंगना संसदीय गटातून काढलं. ग्रेफे आणि पत्रकार-खासदार राइनहोल्ड वूले हेनिंगच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी पक्षातच वेगळा फोल्किश गट बांधायला घेतला. ऑक्टोबरमध्ये ग्योर्लित्सच्या अधिवेशनात पक्षाने तो मान्य केला नाही. १६ डिसेंबर १९२२ रोजी ग्रेफे, वूले आणि हेनिंग यांनी जर्मन-फोल्किश स्वातंत्र्य पक्ष काढला.

या फुटीबद्दल पाठ्यपुस्तकांतून एक वाक्य सर्रास येतं की राष्ट्रीय जनता पक्षाने ज्यूद्वेष्ट्यांना बाहेर काढलं. हे वाक्य दिशाभूल करतं आणि प्रबंधात ते लिहू नका. पक्षाने तीन माणसं सोडली, विचार सोडला नाही. सरकारात आणि सार्वजनिक जीवनात ज्यूंचं प्राबल्य नको, हे कलम १९२० च्या त्याच्या कार्यक्रमात होतं आणि फुटीनंतरही राहिलं. मतभेद होता तो शिस्तीचा, वेळेचा आणि किती उघडपणे बोलायचं याचा. ग्रेफेचं पुढचं अपयश इथेच सुरू होतं. ज्या मतदाराला कैसर, चर्च, शेतमालाचे भाव आणि वर थोडा ज्यूद्वेष हवा होता, त्याला जुना पक्ष सोडायचं कारणच नव्हतं. ग्रेफेला त्याच्याही उजवीकडे जागा शोधायची होती, आणि तिथे दक्षिणेत आधीच एकजण उभा होता.

हिटलरच्या पक्षावर प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात, नोव्हेंबर १९२२ मध्येच बंदी आली होती. ग्रेफेने हिटलरशी समझोता केला: उत्तर जर्मनी ग्रेफेकडे, दक्षिण हिटलरकडे. पन्नाशी ओलांडलेला, दहा वर्षं संसद बघितलेला जहागीरदार आणि तेहतीस वर्षांचा, कधीही निवडून न आलेला वक्ता यांच्यातली ही वाटणी होती; त्यात हिटलर वरचढ नव्हता. मार्च १९२३ मध्ये प्रशियाचे समाजवादी गृहमंत्री कार्ल झेवेरिंग यांनी ग्रेफेच्या पक्षावरही बंदी घातली. खासदारकी असल्यामुळे ग्रेफेला बोलायला राइखस्टागचं व्यासपीठ मात्र उरलं.

म्युनिकचं बंड, म्हणजे हिटलर आणि लुडेनडॉर्फ यांचा प्रजासत्ताक उलथवण्याचा फसलेला प्रयत्न, तुम्हाला माहीत आहे, म्हणून लवकर पुढे जातो. उत्तरेचा नेता या नात्याने ग्रेफे तिथे पोचला आणि दुपारच्या मोर्चात पुढे चालला. ओडियन चौकाजवळ गोळीबार झाला, चार पोलीस आणि डझनाहून अधिक बंडखोर मारले गेले, हिटलरचा खांदा निखळला. ग्रेफेला काही झालं नाही. पुढच्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये जो मोठा खटला उभा राहिला, त्यातल्या दहा आरोपींत तो नव्हता. हे त्याचं नशीब म्हणावं, तर त्याच नशिबाने त्याचं नुकसानही केलं. हिटलरला आरोपीच्या पिंजऱ्यातून देशभर ऐकू जाणारी भाषणं करता आली, शिक्षा झाली, तुरुंग झाला. ग्रेफेकडे हौतात्म्याची कसलीही खूण नव्हती.

त्या वेळी हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, कारण लगेच आलेलं १९२४ हे वर्ष ग्रेफेच्या चढतीचं होतं. फेब्रुवारीत मेक्लेनबुर्ग-श्वेरीनच्या विधानसभेत त्याच्या पक्षाला १९ टक्क्यांवर मतं पडली आणि तिथलं उजवं सरकार त्याच्या पाठिंब्यावर अवलंबून राहिलं. ४ मे १९२४ च्या राइखस्टाग निवडणुकीत त्याचा पक्ष आणि बंदीखालचे नाझी यांची एकत्र यादी उतरली: १९ लाख मतं, ६.५ टक्के, ३२ जागा. या ३२ मधले दहाच नाझी होते. लुडेनडॉर्फ होता, हिटलरचे साथीदार फ्रिक, फेडर आणि र्‍योम होते, पण बहुसंख्य ग्रेफेच्या बाजूचे. चलनवाढीने लोकांची आयुष्यभराची बचत कागद करून टाकली होती, रूरच्या औद्योगिक भागात फ्रेंच सैन्य होतं; रागाला तोटा नव्हता.

मग हा माणूस सात महिन्यांत कसा घसरला? तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या. पहिली म्हणजे चलन स्थिरावलं आणि रागाची धार बोथट झाली. दुसरी, ऑगस्टमध्ये युद्धाच्या नुकसानभरपाईचे हप्ते ठरवणाऱ्या डॉज योजनेवरच्या मतदानात राष्ट्रीय जनता पक्षाचे ४८ खासदार बाजूने आणि ५२ विरोधात गेले. फोल्किश गटाला वाटलं की आता नाराज राष्ट्रवादी आपल्याकडे येणार. ते आले नाहीत. डिसेंबरच्या निवडणुकीत राष्ट्रीय जनता पक्षाच्या जागा वाढून १०३ झाल्या आणि फोल्किश गट ३२ वरून १४ वर आला, मतं तीन टक्क्यांवर. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ग्रेफेकडे पक्ष होता, संघटना नव्हती. ऑगस्ट १९२४ मध्ये वायमारच्या अधिवेशनात दोन्ही बाजू एक करून लुडेनडॉर्फ, नाझी पुढारी ग्रेगोर श्ट्रासर आणि ग्रेफे यांचं त्रिकुट वर बसवलं गेलं. लँड्सबर्गच्या तुरुंगातल्या हिटलरने जुलैतच राजकारणातून अंग काढून घेतल्याचं जाहीर केलं होतं. त्याने कुणालाच पूर्ण पाठिंबा दिला नाही, कुणालाच तोडलंही नाही. उत्तरेतल्या नाझी कार्यकर्त्यांना, विशेषतः ग्योटिंगनकडच्या तरुणांना, ग्रेफे मुळातच नको होता. त्यांच्या दृष्टीने तो खुर्चीत बसून भाषणं करणारा, वरच्या वर्गाचा, निवडणुकांत रमलेला पुढारी. राइखस्टागमधल्या जागा त्यांना मोहवत नव्हत्या. त्यांना नेता हवा होता.

फेब्रुवारी १९२५ मध्ये त्रिकुटाने राजीनामे दिले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हिटलरने आपला पक्ष म्युनिकमध्ये पुन्हा उभा केला, या वेळी वाटणी न करता, सगळ्या देशासाठी. ग्रेफे, वूले, हेनिंग आणि काउंट एर्न्स्ट रेव्हेंटलोव्ह यांनी वेगळी फोल्किश चळवळ चालू ठेवली. मार्च १९२५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत लुडेनडॉर्फला १.१ टक्के मतं पडली आणि ज्या नावाच्या वजनावर ही सगळी माणसं उभी होती ते वजन किती होतं हे सर्वांना दिसलं. मार्च १९२६ मध्ये हिटलरने ग्रेफेला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की मी पूर्वी ढोल बडवणारा होतो आणि पुढेही राहीन, पण जर्मनीसाठी. तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्यांसाठी नाही. जुन्या उजव्यांनी हिटलरकडे कायम गर्दी गोळा करून देणारा म्हणून बघितलं होतं. ग्रेफेनेही १९२३ ची वाटणी त्याच समजुतीवर केली होती.

१९२७ च्या सुमारास रेव्हेंटलोव्ह आणि ग्रेफेचे आणखी दोन साथीदार, विल्हेल्म कुबे आणि फ्रान्झ श्ट्योर, हिटलरकडे गेले. रेव्हेंटलोव्हबरोबर त्याचं साप्ताहिक आणि वाचकवर्ग गेला. कुबे पुढे व्यापलेल्या बेलारूसचा नाझी प्रशासक झाला आणि १९४३ मध्ये मिन्स्कमध्ये बाँबने मारला गेला. २० मे १९२८ ची निवडणूक ग्रेफेच्या बाजूने फोल्किश-राष्ट्रीय गट या नावाने लढली: सुमारे २ लाख ६६ हजार मतं आणि एकही जागा नाही. वायमार प्रजासत्ताकाच्या निवडणूक पद्धतीत दर ६०,००० मतांना एक जागा मिळे. त्या हिशोबाने चार मिळायला हव्या होत्या. पण देशपातळीवर उरलीसुरली मतं जोडून मिळणाऱ्या जागा मतदारसंघांत आधी जिंकलेल्या जागांपेक्षा जास्त देता येत नसत. मतदारसंघांत शून्य, म्हणून देशातही शून्य. मतं विखुरलेली होती, आणि विखुरलेली मतं हे संघटना नसल्याचं अचूक मोजमाप आहे. हिटलरला त्या निवडणुकीत २.६ टक्के आणि १२ जागा मिळाल्या. तोही लहानच होता. फरक असा की त्याच्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात पगारी-बिनपगारी माणसं, सभांचं वेळापत्रक आणि एकच आदेश देणारं केंद्र होतं.

आता ज्याच्यामुळे मला हा विषय सर्वांत जास्त बोलतो, तो माणूस: फ्रीड्रिख हिल्डेब्रांट. मेक्लेनबुर्गचाच, शेतमजुराच्या घरचा, स्वतः शेतमजूर. तो आधी राष्ट्रीय जनता पक्षात होता, मग ग्रेफेच्या पक्षात आला आणि १९२४ मध्ये ग्रेफेच्याच पक्षाकडून मेक्लेनबुर्गच्या विधानसभेत निवडून गेला. १९२५ मध्ये तो हिटलरकडे गेला आणि मेक्लेनबुर्गचा गाउलायटर, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, झाला. जहागीरदाराने उघडलेल्या दारातून शेतमजूर आत आला आणि त्याने जहागीरदाराचा मतदार नेला. सालदारांच्या वस्तीत उभं राहून बोलायला ग्रेफेला आपल्या घराण्याचा आणि जमिनीचा अडसर होता. हिल्डेब्रांटला त्यांचीच बोली येत होती. जून १९३२ मध्ये मेक्लेनबुर्ग-श्वेरीनमध्ये नाझींना ४९ टक्के मतं आणि ५९ पैकी ३० जागा मिळाल्या. हिटलर चान्सलर होण्याआधी सहा महिन्यांहून अधिक काळ तिथे त्यांचं सरकार होतं. हिल्डेब्रांटला युद्धानंतर, पकडलेल्या मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांच्या हत्यांबद्दल, १९४८ मध्ये लँड्सबर्गच्या तुरुंगात फाशी झाली. ग्रेफे १८ एप्रिल १९३३ रोजी गोल्डेबेला वारला.

तेव्हा हिटलरने त्याला संपवलं का? शेवटचा धक्का हिटलरचा, पण त्याआधी ग्रेफेला दोन्ही बाजूंनी जागा उरली नव्हती. वर जुना पक्ष त्याचाच विचार जास्त प्रतिष्ठेने विकत होता. खाली नाझी तोच विचार जास्त जोमाने नेत होते. मधल्या अरुंद पट्ट्यावर तो उभा होता आणि तिथे त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. मतदार जुन्या पक्षातून आणलेला, नाव लुडेनडॉर्फचं घेतलेलं.

एक सावधगिरी बाळगा. ग्रेफे हिटलरशी भांडला म्हणून तो मवाळ होता असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. वूलेचं उदाहरण तर अधिक फसवं आहे, कारण त्याला पुढे नाझींनी साक्सेनहाउझेन छळछावणीत टाकलं. पण ज्यूंविषयी त्यांच्यात आणि हिटलरमध्ये तत्त्वाचा वाद कधीच नव्हता. वाद होता तो नेता कोण, पक्ष कसा चालवायचा, राजेशाही परत आणायची की नाही यावर. राटेनाउंच्या खुनानंतर, देश हादरलेला असताना, ज्याने हेनिंगची बाजू घेतली त्या माणसाला हिटलरच्या तुलनेत सौम्य ठरवणं मला पटत नाही. तो कमी यशस्वी होता, एवढंच.

प्रबंधासाठी माझा सल्ला असा. ग्रेफेचं चरित्र लिहायला जाऊ नका. मे १९२४ च्या त्या ३२ खासदारांची यादी घ्या. प्रत्येकाचा व्यवसाय, प्रांत, युद्धातली सेवा, १९२५ मध्ये तो कोणाबरोबर गेला आणि १९३३ मध्ये कुठे होता, हे एका तक्त्यात मांडा. राइखस्टागची कामकाजपत्रं म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहेत, खासदारांच्या परिचयासकट. पुणे किंवा नागपूरला बसून ती वाचता येतात. जुन्या जर्मन छापील लिपीची सवय व्हायला थोडे आठवडे लागतील, ते धरून चाला. त्यानंतर मेक्लेनबुर्गचे १९२४, १९२८ आणि १९३२ चे निकाल शेजारी ठेवा. १९२८ मध्ये फोल्किश मत खरोखर विरघळलं होतं की घरी बसलं होतं, हा प्रश्न तुम्हाला तिथे पडेल, आणि प्रबंध त्या प्रश्नाभोवती उभा करता येईल.